मापाचा ब्लाउज आणि आपलं खरं माप

(शिवणकामावरील व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तिथे तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी तीन प्रश्न दिले आहेत.)

मागे बसलेल्यांना ऐकू येतंय ना? छान.

आजचा विषय असा आहे, की जाड बाईने स्वतःचे कपडे स्वतः शिवले तर तिचा आत्मविश्वास वाढतो, असं जे म्हणतात ते खरं आहे का, आणि खरं असेल तर तो नेमका कशाने वाढतो. आधी शब्दाचं सांगून टाकते. दुकानात आपल्याला ‘हेल्दी’ म्हणतात, जाहिरातीत ‘प्लस साइज’ म्हणतात आणि लग्नकार्यात मावश्या ‘अंगाने जरा सुटलीस गं’ म्हणतात. मी सरळ ‘जाड’ म्हणणार आहे. उंच, बुटकी, सडपातळ, तशी जाड. बाईचं वर्णन करणारा शब्द, एवढाच त्याचा अर्थ आज घ्यायचा.

आता एक रोजची गोष्ट घेऊ. ब्लाउज शिवायला टाकताना आपल्या पिशवीत काय असतं? नवं कापड, अस्तर आणि एक ‘मापाचा ब्लाउज’. “याच्यासारखाच शिवा, थोडा सैल ठेवा.” झालं काम. टेप अंगाला लागतच नाही. वेळ वाचतो हे खरं. शिंपी पुरुष असेल तर संकोचही असतो. पण जाड बाईच्या बाबतीत आणखी एक कारण असतं. माप घेताना आकडे मोठ्याने बोलले जातात. छाती सेहेचाळीस, कंबर बेचाळीस. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असतात. ते ऐकून घेण्यापेक्षा जुना ब्लाउज दिलेला बरा.

पण यातून होतं काय? जुन्या ब्लाउजात जे चुकलेलं होतं, तेच नव्यात उतरतं. काखेत काचत होता, तो काचतोच. पाठीत झोळ होता, तो राहतोच. दहा-पंधरा वर्षं आपण एकाच चुकीची नक्कल करून घेतो आणि प्रत्येक वेळी शिलाईचे पैसे देतो. मग बाईच्या मनात एक वाक्य पक्कं बसतं: “माझं अंगच असं आहे, मला काही नीट बसत नाही.” या वाक्याची शिलाई आज आपल्याला उसवायची आहे.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. ‘साइज’ ही वस्तू आली कुठून?

लुगड्याला साइज नव्हती. तेच नऊ वार सासू नेसायची, तेच सून नेसायची. कापड अंगाभोवती फिरायचं, अंगाप्रमाणे निऱ्या कमीजास्त व्हायच्या. खणाची चोळी शिवलेली असायची, पण पुढे गाठ मारून बांधायची. अंग थोडं भरलं, थोडं उतरलं, तर गाठ सांभाळून घ्यायची. शिवलेला कपडाही बहुतेक वेळा ठरावीक माणसासाठीच शिवला जायचा. साइज लागते कधी? कपडा कोण घालणार हे शिवणाऱ्याला माहीत नसतं, तेव्हा. तयार कपडे आले तशी साइज आली. ती कारखान्याची गरज होती.

अमेरिकेत १९३९-४० मध्ये तिथल्या शेती खात्याने बायकांची मापं घेण्याचं मोठं काम केलं. सुमारे १५,००० बायका आणि प्रत्येकीची ५९ मापं. त्याचं पुस्तक १९४१ मध्ये निघालं आणि त्या मापांच्या आधारावर १९५८ मध्ये साइजचं सरकारी प्रमाण ठरलं. गंमत अशी की हिशेबात धरल्या फक्त गोऱ्या बायका. इतरांची मापं बाजूला ठेवली. ते प्रमाणही कंपन्यांनी आपापल्या सोयीने वाकवलं आणि १९८३ मध्ये सरकारने ते मागे घेतलं. म्हणूनच एका ब्रँडचा ‘एक्सएल’ दुसऱ्याच्या ‘एल’एवढा निघतो. आपल्याकडे तर भारतीय अंगाची अशी स्वतःची मोजणीच नव्हती. अलीकडच्या काळात निफ्ट या संस्थेने ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला, सहा शहरांतल्या २५,००० स्त्रीपुरुषांची मापं स्कॅनरने घेण्याचा. म्हणजे इतकी वर्षं आपण ज्या आकड्यावरून स्वतःला नावं ठेवत होतो, तो आकडा आपल्याला बघून काढलेलाच नव्हता.

याच इतिहासात एक शिवणारी बाई आहे, ती मला फार आवडते. लिना ब्रायंट. लिथुएनियातून न्यूयॉर्कला आलेली. नवरा लवकर गेला, पदरात लहान मूल. तिने लग्नातली हिऱ्याची कर्णफुलं गहाण टाकून शिवणाचं मशीन घेतलं. आधी गरोदर बायकांसाठी कपडे शिवून नाव मिळवलं. बँकेच्या कागदावर तिचं नाव चुकून ‘लेन’ असं लागलं आणि तेच दुकानाचं नाव झालं, ‘लेन ब्रायंट’. पुढे जाड बायका यायला लागल्या, आम्हाला कुठेच काही मिळत नाही म्हणून. तेव्हा तिने आणि तिच्या दुसऱ्या नवऱ्याने, तो इंजिनिअर होता, आपल्या सुमारे ४,५०० गिऱ्हाइकांची मापं घेतली आणि एका विमा कंपनीकडून सुमारे २,००,००० बायकांच्या मापांची माहिती मिळवली. त्यातून दिसलं काय? जाड बायका एका साच्याच्या नसतात. त्यांचे तीन मुख्य प्रकार निघाले. त्याप्रमाणे कपडे बेतले आणि धंदा असा वाढला, की १९२० च्या दशकात जाड बायकांच्या कपड्यांची विक्री गरोदर बायकांच्या कपड्यांच्या पुढे गेली.

आता तयार कपड्यात चूक कुठे होते ते बघू. कारखान्यात मधल्या एका साइजचा नमुना काढतात. मग त्याला सगळीकडून ठरावीक वाढ देत पुढच्या साइज काढतात. छाती वाढवली, कंबर वाढवली, त्याबरोबर खांदाही वाढवला, बाहीही लांब केली. पण अंग असं वाढतं का? आपण जाड झालो म्हणून खांद्याचं हाड लांब होत नाही. म्हणून मोठ्या साइजचा कुर्ता घातला की खांदा दंडावर उतरतो, गळा लोंबतो, बाही पंज्यावर येते, आणि पोटावर मात्र तो तटतटलेला असतो. कपडा एकाच वेळी सैलही असतो आणि घट्टही. आरशासमोर उभी असलेली बाई म्हणते, “मी किती बेढब आहे.” कापड अंगाप्रमाणे बेतलेलं नाही, हे तिच्या डोक्यातच येत नाही. कारण कपडा कसा बेततात हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

याचा मनावर काय परिणाम होतो, यावर मानसशास्त्रात काम झालेलं आहे. बार्बरा फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना एका खोलीत आरशासमोर कपडे घालून बघायला सांगितलं. काहींना स्वेटर दिला, काहींना पोहण्याचा पोशाख. तो अंगावर असतानाच गणितं सोडवायला दिली. पोहण्याच्या पोशाखातल्या मुलींना गणितं कमी जमली. मुलग्यांमध्ये असा फरक पडला नाही. त्यांचं म्हणणं असं, की आपण कसे दिसतोय याचा पहारा सतत चालू असेल, तर तेवढं लक्ष कामातून वजा होतं.

हे आपल्याला नवीन नाही. मीटिंगमध्ये बोलायला उभं राहायचं आणि एक हात कुर्ता मागून खाली ओढतोय. वर्गात फळ्यावर लिहायचं आणि ब्लाउज वर चढतोय. हळदीकुंकवात सगळ्या जणी खाली बसल्या की आपण खुर्ची शोधायची, कारण खाली बसलं की हुक तुटेल. अर्धं लक्ष कपड्यात. त्याला लोक ‘आत्मविश्वास नाही’ म्हणतात. मी म्हणते, आधी त्या बाईला नीट बसणारा कपडा द्या, मग तिचा आत्मविश्वास मोजा.

मग शिवणकामाने नेमकं काय बदलतं? अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये ‘हे मला जमेल’ ही खात्री कुठून येते, याची चार कारणं मांडली. दुसऱ्याला जमलेलं बघणं, दुसऱ्याने धीर देणं, आपल्या अंगामनाची त्या वेळची स्थिती, आणि स्वतः करून दाखवलेलं काम. चारांत सगळ्यात पक्कं कारण शेवटचं. ‘तू आहेस तशी सुंदर आहेस’ हे ऐकायला बरं वाटतं, पण तो दुसऱ्याने दिलेला धीर झाला. दुकानातून बाहेर पडेपर्यंत टिकतो. स्वतःच्या हाताने बाही लावली आणि हात वर केल्यावर ती काचली नाही, हा अनुभव वेगळा. तो कुणी परत घेऊ शकत नाही.

म्हणून आता प्रत्यक्ष कामाकडे येते. जाड अंगासाठी बेतताना चार ठिकाणी साधं गणित चुकतं.

पहिलं, मुंढा. मुंढा म्हणजे बाही जोडतो तो घेर. बऱ्याच शिवणवर्गांत त्याची खोली छातीच्या मापावरून काढतात, समजा छातीचा सहावा भाग. आता एका बाईची छाती आहे ४४ इंच. ४४ भागिले ६, म्हणजे सव्वासातच्या थोडं वर. पण हिच्या पाठीचा, बरगड्यांचा घेर लहान आहे आणि स्तन मोठे आहेत. टेप काखेतून, स्तनांच्या वरून फिरवला, तर माप येतं ३८. याला आम्ही वरची छाती म्हणतो. ३८ भागिले ६, सव्वासहाच्या थोडं वर. म्हणजे तिचा मुंढा बरोबर १ इंच जास्त खोल गेला. मुंढा खोल गेला की काय होतं? लोकलमध्ये कडी धरायला हात वर केला की सगळा ब्लाउज बाहीबरोबर वर येतो. आपल्याला वाटतं मुंढा मोठा म्हणजे हाताला मोकळीक. होतं उलटं. मुंढा काखेच्या जवळ असेल तेवढा हात मोकळा फिरतो. तेव्हा खांदा आणि मुंढा वरच्या छातीच्या मापाने काढा. स्तनांसाठी लागणारी जागा पुढच्या भागात, टक्समधून द्या.

दुसरं म्हणजे हे टक्स. सपाट कापड गोल अंगावर बसवायचं कसं? आपल्या आज्या पळसाच्या पानाचा द्रोण करायच्या ते आठवा. पान सपाटच असतं. काठाला चिमटी घेतली, काडी टोचली, की त्याला खोली येते. चिमटी मोठी घेतली की द्रोण जास्त खोल. टक्स म्हणजे तीच चिमटी. छाती मोठी असेल तर टक्स मोठे लागतात. पण चिमटीत कापड जातं, म्हणून आधी पुढचा भाग तेवढा रुंद कापायला हवा. कापड तेवढंच ठेवून नुसते टक्स मोठे केले तर ब्लाउज आणखी घट्ट होतो, आणि मग पुन्हा दोष अंगाला.

तिसरं, पुढचं आणि मागचं माप वेगळं घ्या. ४४ भागिले ४, म्हणजे ११, असं करून चारही भाग सारखे कापतात. पण टेप एका बाजूच्या शिलाईपासून दुसऱ्या बाजूच्या शिलाईपर्यंत धरून मोजा. पुढे २४ येतात, मागे २०. म्हणजे पुढचा प्रत्येक भाग १२ हवा, मागचा १०. सगळीकडे ११ कापले की पुढे हुकांमध्ये फटी पडतात आणि मागे झोळ येतो. तोच तो झोळ, जो आपण पंधरा वर्षं मापाच्या ब्लाउजातून पुढे नेत असतो.

चौथं, उंची आणि बसणं. पोट मोठं असेल तर कुर्त्याचं कापड छातीवरून, पोटावरून चढून उतरतं. त्या चढात लांबी खर्च होते, म्हणून कुर्ता पुढून उचललेला आणि मागून लोंबता दिसतो. पुढची उंची खांद्यापासून छातीवरून, पोटावरून वेगळी मोजायची. आणि सीटचं माप उभं राहून घेतलं तसं खुर्चीवर बसूनही घ्या. बसल्यावर ते वाढतं. आपण दिवसभर बसणार कुर्ता घालून, आणि माप मात्र उभ्याचं.

ही मापं घेतली की थेट भारी कापडाला कात्री लावू नका. मांजरपाट घ्या, नाहीतर जुनी चादर. त्याचा कच्चा ब्लाउज शिवा आणि घालून आरशासमोर उभ्या राहा. आता सुरकुत्या वाचायच्या. आडव्या ओढलेल्या सुरकुत्या म्हणजे तिथे कापड कमी पडतंय. उभ्या, सैल घड्या म्हणजे तिथे कापड जास्त झालंय. तिरकी सुरकुती मुंढ्यापासून छातीकडे जात असेल, तर टक्सला जागा कमी आहे. जिथे ओढ आहे तिथे उसवा, आतून पट्टी लावा, टाचण्या मारा, आणि तो बदल कागदी नमुन्यावर उतरवा.

माझ्या मते सगळा बदल इथे होतो. आजवर आरशासमोर उभी राहून ती बाई पोट, दंड, पाठ बघत होती. आता ती कापड बघते. प्रश्न बदलतो. “मी अशी का दिसते?” याला उत्तर नसतं, नुसती टोचणी असते. “इथे अर्धा इंच कुठून आणू?” याला उत्तर असतं. आणि ४६ हा आकडाही बदलतो. दुकानात तो ऐकला की खाली बघावंसं वाटायचं. वहीत तो इतर आकड्यांसारखा एक आकडा होतो, ज्याला चाराने भागायचं असतं. शिवणवर्गात पहिल्या दिवशी बायका माप घेताना पोट आत ओढतात, श्वास धरून ठेवतात. दुसऱ्या-तिसऱ्या कपड्याला त्याच बजावतात, “नीट मोजा हं, चुकीचं लिहिलंत तर कापड वाया जाईल.” खरं माप लपवून आपलंच नुकसान होतं, हे हाताला कळलेलं असतं.

याला मर्यादा आहेत, त्याही सांगते. शिवणकामाला वेळ लागतो, आणि तोच बायकांकडे कमी असतो. ‘तुम्हाला दुकानात मिळत नाही ना, मग घरी शिवा’ असं म्हणून कंपन्यांना सुटता येणार नाही. मोठ्या साइजचे नीट बेतलेले कपडे बाजारात असायलाच हवेत. आणि कपडा छान बसला म्हणून मावशीचं तोंड बंद होत नाही. ती बोलायची ते बोलतेच. फक्त आता तिचं बोलणं आणि आपल्या अंगाचं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला माहीत असतं.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: मला शिवणकाम जमणार नाही, वेळही नाही. मग याचा मला काय उपयोग?

उत्तर: उपयोग आहे. एकदा मैत्रिणीकडून किंवा बहिणीकडून मापं घेऊन ठेवा: छाती, वरची छाती, पुढचं आणि मागचं वेगळं, खांदा, दंडघेर. कागदावर लिहा आणि मापाच्या ब्लाउजऐवजी तो कागद शिंप्याला द्या. “मुंढा वरच्या छातीच्या हिशेबाने काढा, माझा पुढचा भाग मागच्यापेक्षा मोठा आहे,” एवढं सांगितलंत तरी चांगला कारागीर लगेच समजतो. दादा वैतागले तर वैतागू देत, शिलाई आपण देतो. मापं मात्र वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा घ्या.

प्रश्न: जाड बायकांनी आडव्या रेघा घालू नयेत म्हणतात, ते बरोबर आहे का?

उत्तर: तो नियम वाटतो तितका पक्का नाही. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं, की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन जास्त उंच आणि अरुंद भासतो. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन यांनी तेच बायकांच्या चित्रांवर तपासलं, तर आडव्या रेघांनी बाई जाड दिसते असं काही निघालं नाही. तेव्हा कापड आवडलं तर घ्या. रेघा बाजूच्या शिलाईवर जुळवून कापा, म्हणजे काम सफाईदार दिसतं. आणि घोळदार कपड्याने जाडी झाकते हाही गैरसमज. खांद्यावर बसलेला आणि पुढे हवा तेवढाच सैल असलेला कपडा तंबूसारख्या झग्यापेक्षा केव्हाही बरा.

प्रश्न: मी वजन कमी करतेय. चार साड्यांचे ब्लाउजपीस तसेच पडलेत. बारीक झाल्यावर शिवावे म्हणते.

उत्तर: किती वर्षं पडलेत? (हशा) नाही, हसण्यावारी नेत नाही. हा प्रश्न बहुतेक घरांतल्या कपाटात आहे. फॉल-पिको झालेली साडी घडीवर विरत जाते आणि ब्लाउजपीस तसाच. वजन किती असावं हे तुमचं आणि तुमच्या डॉक्टरांचं बोलणं. त्यात मी पडणार नाही. पण भाचीचं लग्न या महिन्यात असेल तर साडी या महिन्यात नेसायची आहे, आणि ती आजच्या अंगावर. शिवणकामात यावर जुना उपाय आहे. बाजूच्या शिलाईत इंच-दीड इंच जास्त कापड आत ठेवतात, त्याला आपण माया म्हणतो. अंग भरलं तर टीप उसवून सैल करता येतं, उतरलं तर आत आणखी एक टीप मारायची. माया ठेवून शिवा, पण शिवा. चारांतला एक पीस या आठवड्यात बाहेर काढा, भिजवून वाळवा आणि बेता.

वेळ संपली. मी चार टेप आणलेत. ज्यांना आज माप घ्यायचंय त्यांनी जोडीजोडीने मागच्या टेबलाशी या आणि वही-पेन्सिल बरोबर ठेवा. आकडे हळू आवाजात सांगायची गरज नाही.